स्टेनोबाई परीक्षेला बसतात

कोर्टात सगळ्यात जास्त शब्द कोणाच्या हातून जातात असं विचारलं, तर शिपायापासून न्यायाधीशांपर्यंत सगळे एकाच टेबलाकडे बोट दाखवतील. ते टेबल स्टेनोबाईंचं. अठ्ठावीस वर्षं त्या तिथे बसून दुसऱ्यांचं बोलणं लिहून घेत होत्या. वकील बोलायचे, साक्षीदार बोलायचे, साक्षीदाराच्या मागे उभा असलेला त्याचा मेहुणा कोणी न विचारता बोलायचा, आणि त्या मेहुण्याला गप्प बसवायला साहेब बोलायचे. या सगळ्या गलक्यातून लिहिण्याजोगं तेवढं निवडत स्टेनोबाईंची पेन्सिल पळायची. स्वतः त्या मुक्याच. टेबलाला आणि खुर्चीला बोलायची जेवढी मुभा, तेवढीच त्यांना.

वकिलांचं टेबल त्यांच्या टेबलापासून चार पावलांवर होतं. जेवणाच्या सुट्टीत कोर्ट रिकामं झालं की स्टेनोबाई फाइल उचलायच्या निमित्ताने तिथे जायच्या. फाइल बहुतेक वेळा तिथे नसायचीच. दोन्ही तळवे टेबलावर टेकून त्या क्षणभर उभ्या राहायच्या, समोरच्या रिकाम्या उंच खुर्चीकडे बघायच्या, आणि मग कोणी यायच्या आत परत आपल्या जागेवर. देवळात जाऊन आल्यासारखं वाटायचं म्हणावं, तर देवळात माणूस काहीतरी मागून तरी येतो. इथे मागायचं कोणाकडे?

वयाच्या बावन्नाव्या वर्षी एका बुधवारी एका तरुण वकिलाने समोरच्याचा साफ चुकीचा प्रश्न निमूटपणे जाऊ दिला. स्टेनोबाईंच्या ओठांवर "हरकत आहे" आलं होतं. ओठ हललेसुद्धा. वकील कोटाच्या खिशात पेन शोधत बसला, आणि प्रश्न गेला, उत्तर आलं, खटला आडवा झाला. संध्याकाळी घरी आल्या आल्या त्यांनी पर्सही न ठेवता सांगून टाकलं, "अहो, मी लॉच्या प्रवेशपरीक्षेला बसणार आहे."

त्यांचे मिस्टर पाणीखात्यात मीटर तपासनीस. त्या वेळी ते टेबलाखाली वाकून टेबलाचा डुगडुगणारा पाय नीट करत होते. त्यांना शेवटचे दोन शब्दच ऐकू आले.

"बस की मग," टेबलाखालून आवाज आला. "विचारतेस काय? खुर्ची ओढून घे."

गैरसमज दूर झाल्यावर मिस्टर बाहेर आले. येताना डोकं टेबलाला आपटलं. टेंगूळ चोळत त्यांनी बायकोकडे पाहिलं. सत्तावीस वर्षांच्या संसारात ही बाई कधी काही मागत नाही, ही त्यांची आजवर मोठी सोय होती. आज ती काहीतरी मागत होती, आणि तेही त्यांच्या हातातलं नव्हतं.

"बस," ते पुन्हा म्हणाले. या वेळी नीट म्हणाले.

तर अशा रीतीने श्रीगणेशा झाला. पुढचं सगळं सोपं होतं, म्हणजे फॉर्म भरायचा, अभ्यास करायचा, परीक्षा द्यायची. फॉर्मपाशीच घोडं अडलं.

फॉर्म कॉम्प्युटरवर भरायचा होता. जन्मवर्षाच्या रकान्यात वर्षांची यादी उघडायची आणि आपलं वर्ष टिचकी मारून निवडायचं. स्टेनोबाई यादीत खाली खाली जात राहिल्या. यादी संपली, त्यांचं वर्ष आलं नाही. वयाची अट नाही असं नियमात ठळक अक्षरांत छापलं होतं. पण यादी करणाऱ्या माणसाच्या कल्पनेला वयाची अट असावी. इतक्या जुन्या काळी माणसं जन्माला येत होती हेच त्याला ठाऊक नव्हतं.

मदत केंद्राला फोन लावला. पलीकडची मुलगी फार गोड बोलायची. "मॅम, तुम्ही सगळ्यात जवळचं वर्ष निवडा आणि नंतर दुरुस्तीचा अर्ज करा."

"चुकीची जन्मतारीख? प्रतिज्ञेवर?" स्टेनोबाईंच्या अंगावर काटा आला. अशा कामासाठी शिक्षा झालेल्यांचे निकाल त्यांनी टाइप केले होते.

"मॅम, मग तुम्ही मेल करा."

मेल केला. तीन दिवसांनी उत्तर आलं, की आपली तक्रार सोडवण्यात आली आहे. यादी होती तिथेच होती. असे चार मेल आणि तीन वेळा सुटलेली तक्रार झाल्यावर पाचव्या मेलमध्ये स्टेनोबाईंनी आपली कोर्टाची भाषा वापरली. "वरील वस्तुस्थिती पाहता, सदर उमेदवार जन्मलीच नाही असे आपले म्हणणे असल्यास तसे लेखी कळवावे." दुसऱ्या दिवशी यादीत खाली साठ वर्षांची भर पडली. आता शंभरी गाठलेली माणसंही लॉला जाऊ शकत होती.

पुढचा रकाना पालकांचा. तो रिकामा सोडला की फॉर्म लाल होत होता. नातं निवडा: आई, वडील, इतर. स्टेनोबाईंचे आई-वडील केव्हाच गेले होते. शेवटी 'इतर'वर टिचकी मारून मिस्टरांचं नाव आणि फोन नंबर टाकला.

एवढ्याशा टिचकीने काय होणार, असं कोणालाही वाटेल. पण त्या संध्याकाळी मिस्टरांच्या फोनवर संदेश आला: 'प्रिय पालक, आपल्या पाल्याचा अर्ज मिळाला. परीक्षेच्या काळात पाल्याला घरात पोषक वातावरण द्या.' मिस्टर सरळ माणूस. सरकारी संदेश आला की तो पाळायचा, एवढंच त्यांना ठाऊक. त्यांनी टीव्हीवर चादर टाकली. फ्रीजवर वेळापत्रक चिकटवलं. पहाटे पाचला स्वतः उठून चहा करू लागले आणि कप पुढे ठेवून म्हणू लागले, "उठ, बाळा." दोनदा चुकून म्हणाले, तिसऱ्यांदा चुकून नव्हतं.

सराव परीक्षेचे मार्क ते एका वहीत मीटरच्या रीडिंगसारखे लिहायचे. "मागचं रीडिंग बासष्ट. आजचं अठ्ठावन्न." चष्म्यावरून बघत विचारायचे, "गळती कुठे आहे?"

गळती तर्कशास्त्रात होती. कायद्याचे प्रश्न स्टेनोबाई झोपेतही सोडवायच्या. पण ती गोल टेबलाभोवती बसणारी माणसं! क ला ख च्या शेजारी बसायचं नाही, ग हा घ च्या लगेच शेजारी, च ची पाठ दाराकडे. तर ख च्या डावीकडे कोण? स्टेनोबाईंना प्रश्न सुटायच्या आधी वाद दिसायचा. क आणि ख चं एवढं काय बिनसलंय? मग एकमेकांच्या घरी जेवायला जातातच कशाला?

ही अडचण मिस्टरांनी जिन्यात कोणाला तरी सांगितली, आणि घरचं झालं थोडं म्हणून सगळी इमारत मदतीला धावली. खालच्या मजल्यावर निवृत्त मुख्याध्यापक राहायचे. सगळे त्यांना हेडसर म्हणत. ते म्हणाले, "कागदावर नाही कळायचं. प्रत्यक्ष करून दाखवतो. माणसं गोळा करा." वरच्या मजल्यावरून औषधांच्या दुकानवाल्या वहिनी आल्या. त्यांच्यामागे त्यांचे यजमान आले. हे गृहस्थ इतके कमी बोलायचे, की शेजारच्या काही लोकांना वहिनी एकट्याच राहतात असं वाटायचं.

पाच खुर्च्या मांडल्या. हेडसर स्वतः क झाले. वहिनी ख. स्टेनोबाई ग, मिस्टर घ, आणि वहिनींचे यजमान च.

"आता नियम पहिला," हेडसर वर्गात शिरल्यासारखे म्हणाले. "क ला ख च्या शेजारी बसायचं नाही."

"का?" वहिनी म्हणाल्या.

"का म्हणजे? तसा नियम आहे."

"नियम आहे की तुमची इच्छा आहे? जिन्यातल्या दिव्यावरून तुम्ही दोन वर्षं माझ्याशी बोलत नाही, ते मला काय कळत नाही?"

"दिवा रात्रंदिवस जळतो त्याला मी काय करू? बटण तुमच्या दाराशी आहे!"

"बघा! क ने आता कबूल केलं!"

मिस्टरांनी मध्ये पडून नियम दुसरा वाचला, पण ऐकतो कोण. दिव्यावरून प्रकरण कुंड्यांतून ठिबकणाऱ्या पाण्यावर गेलं, तिथून कोणाच्या तरी लग्नात न आलेल्या आमंत्रणावर. स्टेनोबाईंचा हात सवयीने वहीकडे गेला आणि त्या दोन्ही बाजू उतरवून घेऊ लागल्या. पंचवीस मिनिटांनी सगळे दमून गप्प झाल्यावर वहिनींचे यजमान दाराकडे पाठ करून, मघापासून हलले नव्हते तसेच, म्हणाले, "डावीकडे घ येतो."

उत्तर बरोबर होतं. पुढचे दोन महिने ते रोज संध्याकाळी अर्धा तास खाली यायचे आणि न बोलता आकृत्या काढून द्यायचे. स्टेनोबाईंचं रीडिंग एकोणऐंशीवर गेलं. वहिनी म्हणायच्या, "माझ्याशी नाही हो एवढं बोलत." वास्तविक ते स्टेनोबाईंशीही बोलत नव्हते. पण वहिनींना तेही चाललं असतं बहुतेक. त्या दारात उभ्या राहून आकृत्या बघत बसायच्या.

परीक्षेच्या दिवशी केंद्राच्या फाटकावर सतरा-अठरा वर्षांच्या मुलामुलींची ही गर्दी. स्टेनोबाई रांगेत शिरल्या तशी फाटकावरची पहारेकरीण म्हणाली, "पालकांनी पलीकडे थांबायचं."

"मी उमेदवार आहे."

"हो, पण मुलगी कुठाय?"

स्टेनोबाईंनी प्रवेशपत्र दाखवलं. पहारेकरणीने फोटो पाहिला, त्यांना पाहिलं, पुन्हा फोटो पाहिला. मग काय वाटलं कोण जाणे, तिने उगाचच सलाम ठोकला. रांगेतली पोरं आपसूक बाजूला झाली. त्यांना त्या परीक्षा घ्यायला आलेल्या कोणी मोठ्या बाई वाटल्या असाव्यात. स्टेनोबाईंना मात्र रांगेतच उभं राहायचं होतं. फार वर्षांनी मिळालेली रांग होती ती.

मिस्टर पलीकडे, झाडाखाली, पालकांत जाऊन बसले. हातात पाण्याची बाटली आणि केळं. शेजारच्या गृहस्थांनी विचारलं, "मुलगा की मुलगी?"

"मुलगी," मिस्टर म्हणाले.

"पहिलाच प्रयत्न?"

"हो. आमची जरा मोठी आहे."

"काळजी वाटते हो," ते गृहस्थ म्हणाले. "शिकायला म्हणून घराबाहेर पडतात आणि मग आपल्या राहत नाहीत."

मिस्टरांनी हे आजवर मनात आणलं नव्हतं. हातातलं केळं त्यांना एकदम जड वाटायला लागलं.

आत अंगठ्याचं यंत्र होतं. उमेदवाराने अंगठा टेकवायचा, हिरवा दिवा लागला की आत. स्टेनोबाईंनी उजवा अंगठा टेकवला. लाल. डावा. लाल. पुसून, फुंकर मारून, ओल्या फडक्याने, कोरड्या फडक्याने. लाल, लाल, लाल. अठ्ठावीस वर्षं बोटं घासून घासून रेषाच पुसट झाल्या होत्या.

"मॅडम, तुमचा अंगठा उठत नाहीये," यंत्रावरचा माणूस म्हणाला.

आता ज्यांना लिहिता येत नाही त्यांना आपल्याकडे अंगठाबहाद्दर म्हणतात. स्टेनोबाई मिनिटाला एकशेवीस शब्द लिहायच्या, आणि नेमक्या अंगठ्यापायी अडाणी ठरत होत्या. मागची मुलं कुजबुजत होती.

"मग मी सही करते."

"सही चालत नाही. हमीपत्र लागेल."

"द्या."

"त्याचा नमुना आलेला नाही," तो म्हणाला. वर पर्यवेक्षकांकडे विचारणा झाली. पर्यवेक्षकांनी आणखी वर विचारलं. घड्याळ पुढे सरकत होतं. शेवटी स्टेनोबाईंनी कागद ओढला आणि उभ्या उभ्या हमीपत्र लिहून काढलं: मी खाली सही करणार, सत्यप्रतिज्ञेवर असे लिहून देते की. पर्यवेक्षकांनी ते दोनदा वाचलं. इतकं सुबक हमीपत्र त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं. त्यांनी आदराने विचारलं, "मॅडम, आणखी दोघांचे अंगठे उठत नाहीयेत. त्यांचंही करून द्याल?"

नाही म्हणायची सवय नसली की असं होतं. त्यांनी तीन हमीपत्रं लिहिली आणि परीक्षेला बारा मिनिटं उशिरा बसल्या.

तरी पहिला तास बरा गेला. गोल टेबलाभोवतीची माणसं आली, तीही गुमान बसली. मग कायद्याचा उतारा आला. स्टेनोबाईंनी दोन ओळी वाचल्या आणि त्यांचा माउसवरचा हात थांबला.

एक शिवणकाम करणारी बाई. एका घराच्या मागच्या खोलीत बावीस वर्षं राहिलेली. घरमालक तोंडी म्हणाला होता, ही खोली तुझीच समज. मालक वारला. मुलगा खोली मागतो. कागद नाही. नावं बदलली होती, पण खटला तोच. चौदा वर्षांपूर्वीचा तो निकाल स्टेनोबाईंनीच टाइप केला होता. कुठल्या तरी पुस्तकातून फिरत फिरत तो आता प्रश्न क्रमांक एक्याण्णव होऊन त्यांच्यासमोर आला होता.

उताऱ्यात नव्हतं ते त्यांना आठवत होतं. ती बाई साक्षीत म्हणाली होती, "मालक म्हणायचे, तुझं मशीन चालतं म्हणून या घरात कोणीतरी आहेसं वाटतं." साहेब म्हणाले होते, हे लिहू नका, विषयाला धरून नाही. स्टेनोबाईंनी लिहिलं नाही. निकालानंतर ती बाई त्यांच्या टेबलापाशी आली. हातातला कागद उलटा धरलेला.

"बाई, यात काय लिहिलंय?"

"तुमच्या वकिलांना विचारा," स्टेनोबाई म्हणाल्या होत्या. कर्मचाऱ्यांनी निकाल समजावून सांगायचा नाही, असा नियम.

"त्यांनी तुम्हाला विचारायला सांगितलं."

"मला सांगता येत नाही हो."

बाईने मान हलवली, कागदाची लहान लहान घडी केली, आणि ती गेली. बस, इतकंच. कोर्टात रोज याहून मोठं काहीतरी घडतं. पण त्या दिवसापासून रिकाम्या कोर्टात त्या वकिलांच्या टेबलापाशी जाऊन उभ्या राहू लागल्या होत्या, हे त्यांचं त्यांनाही आत्ता, परीक्षेच्या खुर्चीत बसल्यावर कळलं.

खाली चार पर्याय होते. नियम दिलेला होता, उत्तर सरळ होतं: ब, खोली मुलाला परत करावी लागेल. स्टेनोबाई नऊ मिनिटं पडद्याकडे बघत बसल्या. ब चुकीचं नव्हतं. फक्त ते कोणीतरी त्या बाईला बसवून, पाणी देऊन, नीट समजावून सांगायला हवं होतं. तसा पर्याय नव्हता. त्यांनी ब वर टिचकी मारली. शेवटचे सतरा प्रश्न मग सोडूनच द्यावे लागले.

बाहेर आल्यावर मिस्टरांनी केळं पुढे केलं. "कसा गेला?"

"एका प्रश्नात अडकले."

"तर्कशास्त्र?"

"नाही," त्या म्हणाल्या, आणि केळं सोलता सोलता रडायला लागल्या. आजूबाजूच्या पालकांनी समजुतीने दुसरीकडे पाहिलं. ते मघाचे गृहस्थ लांबून म्हणाले, "रडू नकोस बेटा, पुढच्या वर्षी..." आणि मग चेहरा नीट दिसल्यावर त्यांनी वाक्य गिळलं.

निकाल लागला. पहिल्या यादीत नाव नाही. दुसऱ्या यादीत नाही. मिस्टरांनी टीव्हीवरची चादर काढली नाही. स्टेनोबाई नेहमीसारख्या कोर्टात जायच्या, लिहायच्या, यायच्या. फक्त वहिनींच्या यजमानांची आकृत्या काढायला यायची वेळ झाली की उगीच दाराकडे बघायच्या. तिसरी आणि शेवटची यादी संध्याकाळच्या कॉलेजची होती. तीत शेवटून दुसरं नाव त्यांचं होतं. मिस्टरांच्या फोनवर संदेश आला: 'प्रिय पालक, अभिनंदन.' त्यांनी तो वाचला, हेडसरांना वाचून दाखवला, वहिनींना वाचून दाखवला, आणि मग एकटेच जिन्यात बराच वेळ बसून राहिले. बायको आता रोज संध्याकाळी घरी नसणार होती.

आता उरलं कार्यालयाचं ना हरकत प्रमाणपत्र. प्रवेशाची मुदत शुक्रवार. स्टेनोबाईंचा अर्ज खालून वर गेला, वरून शेरा मारून खाली आला, 'योग्य मार्गाने सादर करावा' म्हणून पुन्हा योग्य मार्गाने वर गेला, आणि गुरुवारी दुपारी साहेबांच्या टेबलावर पोचला. साहेबांनी घंटी वाजवली.

"बाई, एक छोटा आदेश घ्या."

स्टेनोबाई वही घेऊन समोर बसल्या. साहेबांनी कागद उचलला, नाव वाचलं, बाईंकडे पाहिलं, पुन्हा नाव वाचलं. पण आदेश लिहून घ्यायला कार्यालयात दुसरं कोणीच नव्हतं. साहेब खाकरले आणि डोळे मिटून सांगू लागले. त्यांची ती पद्धतच होती.

"अर्जदार या कार्यालयात लघुलेखिका आहेत. पूर्णविराम. त्यांनी संध्याकाळच्या वर्गात कायद्याचं शिक्षण घेण्यास परवानगी मागितली आहे. पूर्णविराम. कामकाजावर होणारा परिणाम विचारात घेतला. अर्जदाराचं म्हणणं ऐकून घेतलं. सबब..."

पेन्सिल थांबली.

अठ्ठावीस वर्षांत ती पेन्सिल 'सबब'वर कधी थांबली नव्हती. साहेबांनी डोळे उघडले.

अर्ज मंजूर झाला, हे इथेच सांगून टाकलेलं बरं. उगाच कोणाचा जीव टांगणीला नको. शुक्रवारी चार वाजता प्रवेश पक्का झाला आणि सोमवारी स्टेनोबाई वर्गात पहिल्या बाकावर बसल्या. पण ते पुढचं. आत्ता साहेबांच्या खोलीत पंखा फिरत होता, आणि स्टेनोबाईंच्या छातीत इतकं धडधडत होतं, की तेही लिहून घ्यावं लागेल की काय असं त्यांना वाटलं.

"साहेब," त्या म्हणाल्या, "हरकत आहे."

"कसली?"

"अर्जदाराचं म्हणणं ऐकलेलं नाही."

साहेबांनी चष्मा काढला. काचा पुसल्या. पुन्हा घातला. त्यांच्या नोकरीत 'म्हणणं ऐकून घेतलं' हे वाक्य त्यांनी हजारो वेळा सांगितलं होतं, आणि प्रत्येक वेळी समोरच्या बाईने ते बिनबोभाट लिहून घेतलं होतं.

"खरं आहे," ते शेवटी म्हणाले. "बोला."

स्टेनोबाईंनी वही मिटून मांडीवर ठेवली. पेन्सिल टेबलावर ठेवली. आणि त्या उभ्या राहिल्या, कारण बोलायचं ते उभं राहूनच, हे त्यांना अठ्ठावीस वर्षं दिसत होतं. बोलायला सुरुवात केली आणि मग त्यांना थांबताच येईना. कितीतरी वर्षांचं साचलेलं, एकामागून एक, विषयाला धरून आणि विषय सोडूनही.

साहेबांनी इकडेतिकडे पाहिलं. लिहून घ्यायला कोणी नव्हतं. त्यांनी समोरचा कोरा कागद ओढला, बाईंची पेन्सिल उचलली, आणि वाकड्यातिकड्या अक्षरांत भराभर लिहायचा प्रयत्न करत म्हणाले,

"जरा हळू सांगा, बाई. माझा हात पुरत नाहीये."